राजीखुशीने

पहाटे साडेपाच

कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की आमच्या रस्त्यावर गजराची गरज उरत नाही. चहाचा कप घेऊन मी टेबलाशी बसते. जिल्हा न्यायालयात वकिली करून सव्वीस वर्षं झाली. त्यातली चौदा वर्षं मी मध्यस्थ म्हणूनही काम करते. मध्यस्थ होण्यासाठी चाळीस तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते मी घेतलं. पण मी अजून शिकते ती या पहाटेच्या दीड तासात. वादनिवारणाच्या क्षेत्रातला एखादा नवा निकाल, कायद्यातला बदल, अभ्यासकाचा लेख वाचायचा आणि वहीत चार ओळींत उतरवायचा. दर बुधवारी संध्याकाळी बाररूममध्ये आमचं अभ्यासमंडळ बसतं. सात-आठ तरुण वकील येतात. ही वही त्यांच्यासाठी.

आज बुधवार आहे. पहिली नोंद लवादाची. लवादाचा निवाडा न्यायालयाने एक तर ठेवायचा नाही तर रद्द करायचा, की त्यात बदलही करायचा, हा जुना प्रश्न. ३० एप्रिल २०२५ रोजी गायत्री बालसामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितलं, की मोजक्या बाबतींत बदल करता येईल: निवाड्याचा सदोष भाग वेगळा काढता येत असेल, आकडेमोडीची किंवा लेखनाची उघड चूक असेल, निवाड्यानंतरच्या व्याजाचा प्रश्न असेल. न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी वेगळं मत दिलं. वहीच्या समासात मी मुलांसाठी प्रश्न लिहिला: पक्षकारांनी ज्याच्या निवाड्याला संमती दिली त्याचा निवाडा दुसऱ्याने बदलला, तर मूळ संमतीचं काय होतं?

दुसरी नोंद शंभर वर्षांपूर्वीची. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५च्या एका व्याख्यानात हार्वर्डच्या ग्रंथालयातला प्रसंग सांगितला होता. एकाला खिडकी उघडी हवी, तिला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला खोलीत हवा हवी होती, तिला उत्तरेचा वारा अंगावर नको होता. अर्धी उघडी, अर्धी बंद अशी तोड काढली असती तर दोघंही कुरकुरत बसली असती. मध्यस्थीचं पुढचं बरंचसं शास्त्र या एका खिडकीतून आत आलं आहे.

सकाळी नऊ

ऑफिसात आजच्या बैठकीचा कागद येऊन पडला आहे. वाटपाचा दावा. दोन भाऊ, एक बहीण, वडील वारलेले. जमीन, सामाईक विहीर आणि राहतं घर. थोरल्याच्या वकिलांनी तडजोडीचा मसुदा पाठवला आहे: जमीन दोघा भावांत निम्मी-निम्मी, विहिरीची पाळी आहे तशीच, आणि बहिणीचं हक्कसोडपत्र. शेवटच्या परिच्छेदात नेहमीचं वाक्य आहे, हे ती ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ लिहून देत आहे.

हे वाक्य मी हजारदा वाचलं असेल. आपल्याकडच्या जुन्या न्यायपद्धतीत त्याला वजन होतं. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर १९५३ साली पुस्तक लिहिलं. त्यात गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा, आणि महजर, म्हणजे तिच्या निवाड्याचे कागद, यांचा सगळा व्यवहार दिसतो. तंटा गोतापुढे नेण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. तेव्हा त्याचा अर्थ होता राजी असल्याचा कागद. गोताने बसायचं तेही आधी दोघं राजी झाल्यावर. पेशवाई गेल्यानंतर १८१९च्या अहवालात एल्फिन्स्टनने पंचायतीची पद्धत टिकवावी असं सुचवलं. पुढे १८७०च्या दशकात पुण्यात सार्वजनिक काकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवाद कोर्टं चालवली. आपल्या माणसाने मध्ये पडावं ही कल्पना आपल्याला बाहेरून आणावी लागलेली नाही. प्रश्न एवढाच असतो, की मध्ये पडलेल्या माणसाने समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवली का.

पुढे येते ती गोष्ट दोन-तीन प्रकरणांच्या सरमिसळीतून सांगते आहे. माणसं, हिस्से, वार बदलले आहेत. गुप्तता हा आमच्या कामाचा पाया आहे.

साडेदहा

मध्यस्थी केंद्राची खोली लहान आहे. मी लवकर पोचते ती खुर्च्या लावायला. टेबल गोल आहे हे बरं, कोणी कोणाच्या समोर येत नाही. भाऊ शेजारी-शेजारी बसणार नाहीत हे गृहीत धरून मधली खुर्ची मी बहिणीसाठी ठेवत नाही. भांडणाच्या मध्ये बसण्याचं काम घरात ती करतेच. तिची खुर्ची दाराजवळ, हवं तेव्हा उठता येईल अशी.

न्यायालय वाद इकडे पाठवतं ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९खाली. कुठले वाद पाठवावेत, कुठले नकोत, याची घडी सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या अॅफकॉन्स निकालात बसवली. २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झाला, त्यातल्या काही तरतुदी त्या वर्षी ९ ऑक्टोबरला लागूही झाल्या. पक्षकारांना यातलं काही सांगत बसत नाही. सुरुवातीला चार गोष्टी सांगते: मी न्यायाधीश नाही. लवाद निवाडा देतो, मी तोही देणार नाही. इथे बोललेलं न्यायालयात जाणार नाही. आणि तुम्ही कुठल्याही क्षणी ‘जमत नाही’ म्हणून उठू शकता, त्याने तुमच्या दाव्याचं काहीही बिघडणार नाही.

चौथं वाक्य मी सावकाश म्हणते.

अकरा

धाकट्याची मागणी एकच, विहीर वेगळी करून द्या. थोरला म्हणतो, विहीर काय कापून देऊ? पाळी आहे ना, एक आठवडा माझी, एक आठवडा त्याची, पंचांनी ठरवलेली. चार वर्षं तीच चालली आहे. याहून सरळ काय असतं? वरून धाकट्याचा ऊस दरवर्षी वाळतो याचं कारण तो रानात फिरकतच नाही, असंही थोरल्याने सांगून टाकलं. धाकटा उसळला. दोन्ही वकिलांनी माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, “तुम्ही पाणी पाजायला कधी जाता?”

धाकट्याच्या आधी त्याची बायको बोलली. “कायम रात्री. चार वर्षांत दिवसाचं पाणी आम्ही बघितलं नाही. पोरगं आठवीत आहे, त्याला बॅटरी धरायला उभं करतात. उसात बिबट्या आहे म्हणून सगळं गाव सांगतं.”

थोरला म्हणाला, “रात्री कशाला जाता? दिवसा जा की.”

भिंतीवरचं कॅलेंडर मी खाली काढलं, टेबलावर पसरलं आणि दोघांच्या हातात एक लाल, एक निळी पेन्सिल दिली. ज्याच्या पाळीचे वार त्याने रंगवायचे. त्यांच्या फीडरला शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा आणि पुढचा आठवडा रात्री मिळते, बदल सोमवारी. पाळीही सोमवारीच बदलते. दोन महिने रंगवून होईपर्यंत कोणी बोललं नाही. लाल आठवडे सगळे दिवसाच्या विजेचे होते, निळे सगळे रात्रीच्या. आठवडा-आठवडा अशी वाटणी कागदावर समान होती. प्रत्यक्षात एक भाऊ चार वर्षं उन्हात पाणी पाजत होता आणि दुसरा काळोखात.

धाकट्याची समजूत होती की थोरल्याने लाईनमनशी संगनमत केलं आहे. थोरल्याला, मला वाटतं, हे खरंच ठाऊक नव्हतं. रात्री रानात जायची त्याच्यावर वेळच आली नव्हती. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि पुतण्याचं नाव घेऊन विचारलं, “त्याला नेतोस होय रे?”

तोड धाकट्याच्या बायकोनेच काढली. “पाळी सोमवारी कशाला बदलायची? गुरुवारी बदला.” मी पुन्हा कॅलेंडर पुढे केलं. गुरुवारी पाळी बदलली, की एकाला चार दिवस दिवसाची वीज आणि तीन दिवस रात्रीची, दुसऱ्याला चार दिवस रात्रीची आणि तीन दिवसाची. उरलेल्या एका रात्रीसाठी दर पाडव्याला अदलाबदल. विहीर कापायची गरज राहिली नाही, फक्त वार बदलला. पंचांच्या हेतूत खोट नव्हती. त्यांना विचारायचं सुचलं नाही, एवढंच.

पहाटे वाचलेली फॉलेटबाईंची खिडकी मला इथे दिसली. पण पुस्तकात खिडकी उघडली की गोष्ट संपते.

साडेबारा

आता हक्कसोडपत्र. थोरला मोकळा झाला होता, म्हणाला, “ताई, आता आक्काची सही घेऊन टाका, आजच संपवू.” बहीण पदर सारखा करून पुढे झाली. कोऱ्या करकरीत जांभळ्या साडीत होती. पेन तिच्या पर्समध्ये तयार होतं.

मी आधी तिघांसमोर कायदा सांगितला, तिघांनाही सारख्याच शब्दांत. वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. या मिळकतीत कोणाचा किती हिस्सा, ते ज्याने-त्याने आपल्या वकिलाकडून समजून घ्यावं. हक्क सोडता येतो, ठेवता येतो, किंवा जमिनीऐवजी दुसऱ्या रूपात घेता येतो. मग नेहमीप्रमाणे प्रत्येकाशी स्वतंत्र बोलेन असं सांगितलं. सगळ्यांशी बोलले, तिच्याशी सर्वांत शेवटी.

दार लागल्यावर ती म्हणाली, “सही कुठे करायची ते सांगा. वहिनी म्हणाल्या, सहीला भाऊबिजेचीच साडी नेस.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं प्रशिक्षणात शिकवतात, पण ते अंगवळणी पडायला मला बरीच वर्षं लागली. खिडकीबाहेर पुकारा होत होता. तिने साडीच्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “मला काही कमी नाही हो. दोघंही देतात. मिळतं मला. पण मागून मिळतं.”

मग हळूहळू आलं. नवऱ्याची कंपनी बंद पडली. मुलीला नर्सिंगला घातलं आहे, फी दोन हप्त्यांत भरायची. पहिला हप्ता थोरल्याकडून, तोही दोनदा फोन करून. जमीन नको, हे ती मनापासून म्हणत होती. पण या कागदावर सही झाली की आपल्याकडे मागण्यावाचून काही उरणार नाही, हेही तिला कळत होतं. आणि सही केली नाही तर उद्या माहेरचं दार कसं ओलांडायचं, हेही.

मला तिला सल्ला देता येत नाही. कोणाची बाजू घेणं माझ्या कामात बसत नाही. तिच्यासाठी वकीलपत्र थोरल्याच्याच वकिलांनी दाखल केलं होतं. विधी सेवा कायद्याखाली स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, आणि त्या सेवेचं कार्यालय याच इमारतीत, खालच्या मजल्यावर आहे, एवढं मी सांगितलं. विचारलं, “सही आजच करायची आहे का?”

ती बराच वेळ दाराकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आज नको.”

बाहेर येऊन मी सर्वांना सांगितलं, की पाण्याच्या पाळीचं ठरलं तसं लिहून घेऊ, बाकीच्यासाठी मला आणखी एक बैठक लागेल. थोरला रागावला. “घरात सगळं ठरलं होतं ताई, तुम्ही मोडताय.” मी एवढंच म्हटलं, “आण्णा, ठरलेलं असेल तर पंधरा दिवसांनीही ठरलेलंच राहील.” आतलं एक अक्षरही मला बोलता येत नव्हतं. बहिणीने पेन पर्समध्ये ठेवलं.

दुपारी तीन

जेवणानंतर व्यापारी मध्यस्थीचं प्रकरण. औद्योगिक वसाहतीतला एक कारखानदार आणि त्याला सुटे भाग पुरवणारा. बिलं थकली आहेत. व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२-अप्रमाणे तीन लाख रुपये आणि त्यावरच्या व्यापारी दाव्यात तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल, तर आधी मध्यस्थीला यावंच लागतं. १७ ऑगस्ट २०२२च्या पाटील ऑटोमेशन निकालाने हे बंधन पक्कं केलं. ही पायरी टाळून आणलेला दावा टिकत नाही. त्यामुळे पुष्कळजण पायरीला नमस्कार करून परत जातात. सामनेवाले हजरच राहत नाहीत, ‘निष्फळ’ असा शेरा पडतो आणि दावा दाखल होतो.

आज दोघंही आले होते, पुरवठादार व्हिडिओवर. तासाभरात हप्ते ठरले, कारण खरी अडचण रकमेची नव्हती. परत आलेल्या मालाची नोंद कोणाच्या वहीत धरायची, एवढ्यावर ते अडले होते. दोघांकडेही वकील, हिशेबनीस आणि थांबायची ऐपत होती. अशा माणसांत मध्यस्थी करणं सोपं असतं.

पावणेपाच

अहवाल लिहायची वेळ. नव्या मध्यस्थाला इथे मोह होतो. कोण आडमुठेपणा करत होतं, कोण तयार होतं, ते न्यायाधीशांना कळावं असं वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या २०१०च्या निकालात याला लगाम घातला: तडजोड झाली असेल तर सह्यांचा करार पाठवा, नसेल तर झाली नाही एवढंच कळवा, आत काय झालं ते नको. मी दोन ओळी लिहिल्या. पाण्याच्या पाळीबाबत पक्षकारांत समझोता झाला, तो सोबत जोडला आहे. उर्वरित मुद्द्यांवर मध्यस्थी चालू असून मुदत मिळावी.

बेंच क्लार्कने कागद घेतला, म्हणाला, “मॅडम, हे आज निकाली निघालं असतं ना?” महिनाअखेरीचे आकडे त्यालाच भरायचे असतात. मी त्याला दोष देत नाही.

साडेपाच

बाररूममध्ये आज सहाजण. वही उघडली, पण पहिल्या नोंदीपाशी थांबलो नाही. क्लार्कचा प्रश्न मी मुलांपुढे ठेवला: आज निकाली निघालं असतं, मग का नाही?

अभ्यासकांनी यावर आधीच भांडून ठेवलं आहे. १९७६ साली हार्वर्डच्या फ्रँक सँडर यांनी अनेक दारांच्या न्यायालयाची कल्पना मांडली. प्रत्येक वादाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे दार असावं. आजची सगळी वादनिवारण चळवळ त्या कल्पनेवर उभी आहे. आठ वर्षांनी, १९८४मध्ये, येलचे ओवेन फिस यांनी तडजोडीच्या विरोधात निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं, दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या आहेत असं धरून आपण तडजोडीचं कौतुक करतो. पण गरिबाला थांबणं परवडत नाही, म्हणून तो कमी घेऊन घरी जातो. आणि २००४मध्ये मार्क गॅलंटर आणि जयंत कृष्णन यांनी आपल्या लोकअदालतींबद्दल हाच प्रश्न विचारला. लोक तिथे येतात ते तिथलं काम चांगलं आहे म्हणून, की नियमित न्यायालयात पिढी जाते म्हणून?

एका मुलाने विचारलं, “मॅडम, हे फार पुस्तकी नाही का?”

मग मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. वकिलीच्या सहाव्या-सातव्या वर्षी मी लोकअदालतीच्या पॅनेलवर होते. अपघातात नवरा गेलेली बाई समोर होती, कडेवर मूल. विमा कंपनीची रक्कम कमी होती, हे मला कळत होतं. मी तिला म्हटलं, “घेऊन टाका, निकालाला किती वर्षं लागतील सांगता येत नाही.” तिने अंगठा उठवला. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. माझं वाक्य खरं होतं, आणि म्हणूनच त्यात जबरदस्ती होती. तिला ‘नाही’ म्हणता येईल अशी एकही गोष्ट मी तिच्या हातात दिली नाही, खालच्या मजल्यावर मोफत वकील बसतो हेसुद्धा सांगितलं नाही. त्या दिवशीच्या निकाली प्रकरणांत तिचा आकडा धरला गेला.

कोणी काही बोललं नाही. मग एकीने तंटामुक्त गाव मोहिमेचा विषय काढला. तिचे वडील गावच्या समितीवर होते. १५ ऑगस्ट २००७ला आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या त्या मोहिमेने खेड्यापाड्यांतली कितीतरी भांडणं चावडीवरच मिटवली, गावांना बक्षिसंही मिळाली. ती म्हणाली, “बक्षीस जवळ आलं की वडील म्हणायचे, आता भांडायचं नाही कोणी.” आम्ही २०२३च्या कायद्यातल्या सामुदायिक मध्यस्थीची तरतूद काढली: तीन मध्यस्थांचं मंडळ, आणि त्यांनी घडवलेल्या समझोत्याची हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी करता येत नाही. मुलांना ती त्रुटी वाटली. मला तसं वाटत नाही. गाव एका बाजूला आणि एकटा माणूस दुसऱ्या बाजूला असेल, तेव्हा त्याला परत फिरायला वाट राहिली पाहिजे.

रात्री नऊ

मध्यस्थीच्या काळात घेतलेली टिपणं मी जपून ठेवत नाही. रात्री घरी एकदा वाचते, पुढच्या बैठकीत लागतील तेवढे आकडे वेगळे लिहिते, बाकीचे कागद बारीक फाडते. आजच्या कागदांत हप्त्यांची आकडेमोड होती, गुरुवारच्या पाळीचं कोष्टक होतं, आणि एका कोपऱ्यात ‘मागून मिळतं’ हे दोन शब्द. तेही फाडले.

आक्का पुढच्या बैठकीला काय म्हणेल, मला माहीत नाही. कदाचित भाऊबिजेची साडी नेसूनच येईल आणि हक्क सोडेल. कदाचित विहिरीजवळचे दहा गुंठे मागेल. कदाचित मुलीचं शिक्षण पुरं होईपर्यंत न मागता दर सहा महिन्यांनी रक्कम खात्यात जमा व्हावी, असं भावांकडून लिहून घेईल. यातलं काहीही मी तडजोडीत लिहून घेईन. मसुद्याच्या शेवटी ते जुनं वाक्य असेलच. त्याच्यावर सही होण्याआधी ती खालच्या मजल्यावर जाऊन आली आहे का, एवढं मात्र मी विचारणार आहे.

वहीत उद्यासाठी कोरं पान काढून ठेवलं. बाहेर ट्रॉल्या अजून चालूच आहेत. आज बुधवार; उद्यापासून त्या रानात पाळी बदलेल.